निमशहरात दुकान टाकताय? आधी रात्रीच्या खिडक्या मोजा

मागच्या रविवारच्या लाईव्हमध्ये शेवटी एक प्रश्न आला होता. वेळ संपत आली होती, म्हणून मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा झालो. नंतर वाटलं, हे बरोबर केलं नाही. समोरच्याचे नऊ लाख रुपये पणाला लागलेत आणि आपण "अभ्यास करून पाऊल टाका" असं गुळमुळीत काहीतरी सांगून बसलो. म्हणून हा लेख. व्हिडिओपेक्षा जरा सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बसा.

प्रश्न विचारणारे दादा आमच्याच बदलापूरचे. नोकरी अंधेरीला. रिक्षा, लोकल, दादरला बदल, पुन्हा लोकल, असे रोजचे जाऊन-येऊन पाच तास, आणि हे बारा वर्षं चाललंय. आता त्यांना ते नको झालंय. नोकरी सोडून घराजवळच्या एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये गाळा घेऊन कॅफे टाकायचा विचार आहे. चार लाख पीएफचे, अडीच लाख वहिनींचे दागिने गहाण ठेवून, अडीच लाख मेव्हण्याकडून. टोकन द्यायची तारीख येता गुरुवार. त्यांचं म्हणणं असं: "सर, चारशेवर फ्लॅट आहेत, आजूबाजूला एकही कॅफे नाही, कॉम्पिटिशन झिरो. मग अडचण काय?"

अडचण काय आहे ते सांगतो. मी स्वतः त्याच अडचणीत अठरा महिने काढलेत.

2016 च्या दसऱ्याला मी माझं पहिलं दुकान उघडलं. लहान मुलांचे रेडिमेड कपडे. बीबीए केलेलं, त्यामुळे वहीत सगळं व्यवस्थित मांडलेलं होतं. कॉम्प्लेक्समध्ये 336 फ्लॅट. घरटी एक मूल धरलं. एका मुलामागे वर्षाला तीन हजारांचे कपडे धरले. झाले दहा लाख आठ हजार. त्यातले निम्मे जरी माझ्याकडे आले तरी पाच लाख फक्त गेटच्या आतले, बाहेरचे वेगळे. कॉलेजात याला 'कॅचमेंट एरिया' म्हणतात हे मी बाबांना मोठ्या ऐटीत समजावलं होतं. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतले साडेसहा लाख काढून दिले. ते फक्त एवढंच म्हणाले, "तू शिकलायस, तुला कळतं." हे वाक्य मला अजून आठवतं.

पहिले चार आठवडे नवं दुकान म्हणून लोक डोकावले. मग 8 नोव्हेंबरला नोटबंदी आली. खरं सांगू का, ती आली हे माझ्या दृष्टीने एका अर्थी वाईटच झालं, कारण मला खापर फोडायला जागा मिळाली. धंदा का होत नाही, असं कुणी विचारलं की नोटबंदीचं नाव घ्यायचं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, लोकांच्या हातात पैसे आले, तरी माझा गल्ला तसाच.

आकडेच देतो. गाळ्याचं भाडं 14,000, मुलाचा पगार 7,000, लाईट बिल 2,500, किरकोळ 1,500. महिन्याला 25,000 बाहेर जाणार हे ठरलेलं. कपड्यात सवलत, बदली, पडून राहिलेला माल सगळं धरून माझ्या हातात विक्रीच्या 25 टक्के उरायचे. म्हणजे नुसतं ना नफा ना तोटा राहायला महिन्याला एक लाखाची विक्री हवी. रोजचे साधारण 3,300. प्रत्यक्षात सोमवार ते शुक्रवार हजार-अकराशे, शनिवारी अडीच हजार, रविवारी अठराशे. महिन्याची विक्री चाळीस हजारांच्या आसपास. त्यातले हातात दहा. खिशातून पंधरा. करारात अठरा महिन्यांचं लॉक-इन होतं, म्हणजे सोडून जायचं तरी भाडं भरायचंच. पंधरा गुणिले अठरा तुम्हीच करा.

रविवारचा आकडा शनिवारपेक्षा कमी का, हा प्रश्न मला पहिले पाच महिने पडला नाही. सुट्टीच्या दिवशी तर जास्त धंदा व्हायला हवा, नाही का? एका रविवारी दुकान मुलावर सोपवून मी उल्हासनगरला माल आणायला गेलो. गजानन मार्केटच्या गल्लीत माझ्याच कॉम्प्लेक्समधली तीन कुटुंबं भेटली. एका वहिनींनी हसत हसत विचारलं, "काय हो, तुम्ही पण इथेच घेता?" त्यांच्या पिशवीत जो फ्रॉक होता तो माझ्या दुकानात टांगलेला होता. मी तो ज्या भावात घाऊक उचलला होता, त्याच्यावर फक्त तीस रुपये देऊन त्यांनी तो घेतला होता.

आता सांगा, या गिऱ्हाइकाला मी काय विकणार?

निमशहराचा पहिला तोटा हा आहे. खेड्यातला माणूस तालुक्याला महिन्यातून एकदा जातो, त्यामुळे गावातल्या दुकानाला त्याच्यावाचून आणि त्याला दुकानावाचून इलाज नसतो. शहरातल्या माणसाच्या दारातच बाजार असतो. आपण मधल्यामध्ये. आपलं गिऱ्हाईक रोज सकाळी मोठ्या बाजारातून जातं आणि रोज संध्याकाळी त्याच बाजारातून परत येतं. दादरचे भाव त्याला पाठ, कल्याणची सेल त्याला माहीत, उल्हासनगर तर वीस-पंचवीस मिनिटांवर. बदलापूर सीएसएमटीपासून सुमारे 68 किलोमीटर. या 68 किलोमीटरवरचं प्रत्येक दुकान तुमचं स्पर्धक आहे. "आमच्या एरियात कॉम्पिटिशन झिरो" असं जेव्हा कुणी सांगतं, तेव्हा मला भीतीच वाटते. एका भागात चारशे घरं आहेत आणि तिथे एकही अमुक दुकान नाही, तर ते का नाही, हे आधी विचारा. कदाचित दोघंतिघं येऊन बुडून गेले असतील. शेजारच्या गाळ्याच्या शटरवर जुन्या बोर्डाचे खिळे दिसतात का बघा. माझ्या गाळ्यावर दिसत होते, मी विचारलं नाही.

खिडक्या मोजण्याची गोष्ट

आता मुख्य मुद्दा. त्या एप्रिलमध्ये एका मंगळवारी रात्री दुकान बंद करून मी समोरच्या कट्ट्यावर बसलो होतो. सहज वर बघितलं. कॉम्प्लेक्स अर्धाअधिक अंधारात. मला वाटलं, लाईट गेली की काय. मग लक्षात आलं, नाही, हे रोजच असं असतं, आपणच कधी बघितलं नाही. मी खिडक्या मोजल्या. पुढच्या मंगळवारी परत मोजल्या, त्याच्या पुढच्या मंगळवारी परत. तिन्ही वेळा आकडा 120 च्या आसपास, सगळ्यात जास्त भरला तो 121.

336 फ्लॅट आणि 121 दिवे. बाकीचे फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले. मालक ठाण्यात, मुलुंडला, काही दुबईत. भाव वाढला की विकायचे, तोवर कुलूप. 121 मध्ये पुन्हा चाळीसेक ठिकाणी भाड्याने राहणारी, नोकरी करणारी एकटी मुलं. वॉचमनकाकांबरोबर बसून विंगप्रमाणे यादी केली तेव्हा शाळकरी मुलं निघाली सत्तर. वहीत मी 336 धरली होती.

बिल्डर फ्लॅट किती विकले ते सांगतो आणि त्यात तो खोटं बोलत नाही. फ्लॅट विकला जाणं आणि त्यात रात्री कुकरची शिट्टी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच. शहराच्या आकड्यांचंही तसंच. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत लाखाच्या आत होती, 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते आपण बघतोच आहोत. हा वाढता आकडा दाखवून एजंट भाडं वाढवतो. वर कांजूरमार्ग ते बदलापूर या प्रस्तावित मेट्रो 14 चं स्टेशन कुठे येणार तेही नकाशावर बोट ठेवून सांगतो. अहो, मेट्रो आल्यावर बघू, भाडं तर आजपासून सुरू होणार आहे ना?

तर दिवे मोजा. सोम ते गुरुवारमधले तीन दिवस निवडा, शनिवार-रविवार नको. रात्री साडेनऊची वेळ चांगली, तोवर बहुतेक माणसं परत आलेली असतात. दिवाळी, गणपती, मे महिना टाळा. वॉचमन, इस्त्रीवाले, दूधवाले आणि कचरा उचलणाऱ्या ताई यांना खरी परिस्थिती माहीत असते. दूधवाल्याला एवढंच विचारा की या इमारतीत किती पिशव्या टाकतो. मला तरी या कामासाठी यापेक्षा चांगला सर्व्हे माहीत नाही.

माणसं आहेत, पण कधी?

दिवे मोजून झाले की तास मोजायचे. मी एक साधी शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक बिलापुढे वेळ लिहायला लागलो. महिन्याभराने बघितलं तर सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या सात तासांत दिवसाला सरासरी दोन गिऱ्हाईकं. तीही बहुतेक साईज बदलून घ्यायला आलेली. सात तास मुलाचा पगार, पंखा, दिवे, आणि मी गल्ल्यावर मोबाईल बघत बसलेला. खरी विक्री साडेसात ते दहा. कारण तेव्हा गाड्या येतात.

इथे रेल्वेचा विषय येतोच. कल्याणपुढे कर्जतकडे जाताना रुळांच्या दोनच मार्गिका. त्यावरूनच लोकल, त्यावरूनच पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस, त्यावरूनच मालगाड्या. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका एमयूटीपी 3अ मध्ये मंजूर झालेली आहे, पण ज्याला आज दुकान चालवायचंय त्याला आजचीच गाडी धरून चालावं लागतं. कुठे तरी इंजिन बंद पडलं, ओव्हरहेड वायर तुटली, की साडेसातचं माणूस साडेनऊला उतरतं आणि तडक घर गाठतं. त्या दिवशीचा तुमचा धंदा गेला. मी कितीतरी संध्याकाळी गल्ल्यापेक्षा रेल्वेचं अ‍ॅप जास्त बघितलंय.

या सगळ्याचा उलटा प्रकारही असतो, तो माहीत असलेला बरा. बोईसरला तारापूर एमआयडीसी आहे, तिथे बाहेरची माणसं कामाला येतात, म्हणजे दुपारी पोटं तिथेच असतात. डबा, नाश्ता, चहा दिवसा चालतो. आपल्याकडे दिवसा माणसं बाहेर. तुमचं गाव सकाळी माणसं बाहेर पाठवणारं आहे की आत घेणारं आहे, हे स्टेशनच्या पुलावर एक सकाळ उभं राहिलं तरी कळतं. काही गावं दोन्ही करतात, मग तिथे कोणत्या बाजूला उतरतात ते बघायचं.

आणि बाजू म्हणजे खरोखर बाजू. रुळांमुळे आपल्यासारखी गावं पूर्व आणि पश्चिम अशी चिरलेली असतात. नकाशावर दुकान आणि घर यांच्यात चारशे मीटर दिसतात, पण मध्ये पूल चढायचा असतो. चाळीस रुपयांच्या वस्तूसाठी कुणी पूल चढत नाही. पावसाळ्यात भुयारी मार्गात पाणी साचलं की दोन वेगळी गावंच होतात. त्यामुळे कॅचमेंट मोजताना रुळापलीकडची घरं धरू नका.

स्टेशन रोडची गर्दी

मग सगळे म्हणतात, स्टेशनसमोर गाळा घ्यावा, तिथे केवढी गर्दी. मी पण त्या नादाला लागलो होतो. भाडं विचारलं, घाम फुटला. तरी एक संध्याकाळ तिथे उभा राहिलो. गर्दी खरी, पण पळणारी. गाडीतून उतरलेला माणूस शेअर रिक्षाची रांग वाढायच्या आत पोचायला धावतो. तो थांबतो ते फक्त भाजी, फुलं, वडापाव आणि मे-जूनमध्ये टोपलीत जांभळं घेऊन बसलेल्या आदिवासी बायकांसमोर. यातल्या कशालाच तीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. कपडे बघायला, साईज विचारायला त्याला वेळ नाही.

तोच माणूस रिक्षातून उतरतो तेव्हा मात्र बदललेला असतो. घर दोन मिनिटांवर आलेलं असतं, रांग संपलेली असते. तिथे तो श्वास घेतो, बायकोला फोन करतो, "काही आणायचंय का?" विचारतो. शेअर रिक्षाचा शेवटचा थांबा. एप्रिल 2018 मध्ये लॉक-इन संपलं त्या महिन्यात मी कॉम्प्लेक्स सोडून अशा थांब्यासमोर जवळजवळ अर्ध्या आकाराचा गाळा घेतला. भाडं 9,500.

मालही बदलला. याचं श्रेय माझं नाही, गिऱ्हाइकांनीच शिकवलं. रात्री साडेनऊ-पावणेदहाला शटर अर्धं खाली घेतलं की कुणीतरी धापा टाकत यायचं. "पांढरे मोजे आहेत का? उद्या पीटी आहे." "शाळेचा बेल्ट तुटला." "उद्या फॅन्सी ड्रेस आहे, आत्ता सांगतोय कार्टा, शेतकऱ्याचा फेटा मिळेल का?" या लोकांनी कधी भाव केला नाही. उल्हासनगरला जाऊन तीस रुपये वाचवणारी तीच माणसं, रात्री पावणेदहाला छापील किमतीत मोजे घेऊन आभार मानून जायची. कारण सकाळी सातला मूल शाळेत उभं करायचंय. मी फ्रॉक बंद केले. आजूबाजूच्या ज्या शाळा गणवेश स्वतः विकत नाहीत त्यांचे गणवेश, मोजे, बेल्ट, रेनकोट, डबे, फॅन्सी ड्रेस भाड्याने, आणि बाहेर एक शिलाई मशीन, बसल्या बसल्या अल्टर करून द्यायला. वेळ सकाळी सात ते दहा, संध्याकाळी पाच ते साडेदहा. दुपारी शटर बंद, मी घरी जेवून झोपतो. त्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि पहिल्यांदा मी बाबांना पैसे परत दिले. चाळीस हजार. त्यांनी मोजले नाहीत.

(2020 मध्ये शाळा बंद झाल्यावर या मालाचं काय झालं, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर वेगळा व्हिडिओ आहे. इथे काढत नाही.)

वहीत न येणारे खर्च

आता थोडं कडू बोलतो, कारण हे कुणी सांगत नाही.

लहान जागेत सगळे ओळखीचे असतात, हे कौतुकाने सांगतात. धंद्यात ही ओळख महाग पडते. सोसायटीचे पदाधिकारी, मुलाच्या क्लासच्या मॅडम, आतेभावाचे साडू, सगळे "नंतर देतो" म्हणू शकतात आणि तुम्ही नाही म्हणू शकत नाही. संध्याकाळी त्यांच्याबरोबरच आरतीला उभं राहायचं असतं. पहिल्या दुकानात माझी उधारी 31,000 वर गेली होती, त्यातले आठ-नऊ हजार अजून आलेले नाहीत आणि ती माणसं मला रोज "काय शेठ" म्हणून हात करतात. आता मी गल्ल्यासमोर क्यूआर कोड चिकटवलाय आणि वही ठेवतच नाही. "वहीच नाही हो" हे उत्तर "उधार देत नाही" पेक्षा गोड लागतं.

वर्गणी. गणपती, दहीहंडी, नवरात्र, पूजा, क्रिकेटच्या स्पर्धा, शिवजयंती तारखेने आणि शिवजयंती तिथीने. मागच्या वर्षी मी पावत्या जपून ठेवल्या, बेरीज 11,400. तक्रार नाही, देतोही आनंदाने, पण हा खर्च आहे आणि तो तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नसतो. जाहिरातीच्या रकान्यात धरा.

माणसं टिकत नाहीत. तुम्ही पोराला बिल करायला, गिऱ्हाइकाशी बोलायला शिकवता, सहा महिन्यांत तो तयार होतो आणि कल्याणच्या मॉलमध्ये जातो. त्याचंही बरोबर आहे, तिथे पीएफ आहे, एसी आहे. मी आता जवळच राहणाऱ्या दोन ताईंना चार-चार तासांसाठी ठेवलंय. त्यांना दिवसभर घर सोडून जाता येत नाही आणि मला दिवसभर माणूस नको आहे.

आणि पाणी. उल्हास नदीच्या काठच्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरून येऊन फ्लॅट घेतलेल्यांना माहीत नसतं. 26 जुलै 2005 ला बदलापुरात काय झालं ते जुन्या लोकांना विचारा. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, सुमारे 1,050 प्रवासी बाहेर काढावे लागले, ते सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. त्याच पहाटे माझ्या दुकानात गुडघाभर पाणी होतं. खालचे दोन खण पांढऱ्या शर्टांचे. पांढऱ्या कपड्याला नदीचा गाळ लागला की तो कपडा संपला, धुऊन विकता येत नाही. 85,000 चा माल गेला आणि विमा नव्हता. गाळा बघायला जाल तेव्हा मालकाला पुराचं विचारू नका, तो "इथे कधीच येत नाही" म्हणणार. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला विचारा, 2005 ला पाणी भिंतीवर कुठपर्यंत होतं. नगरपरिषदेत पूररेषेचा नकाशा बघायला मागा, निळी रेषा आणि लाल रेषा कुठून जातात ते बघा. आणि मालाचा विमा घ्या. एप्रिल 2021 पासून छोट्या व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची ठरावीक पॉलिसी आहे, एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर ती घेता येते. आगीबरोबर पूरही त्यात येतो. पॉलिसीत दुकानातला स्टॉक लिहून घेतलाय ना, हे मात्र स्वतः डोळ्यांनी वाचा, नाहीतर फर्निचरचाच विमा निघतो.

दवाखान्याचंही इथेच सांगतो. 2022 मध्ये बाबांच्या छातीत रात्री दुखायला लागलं. जवळच्या ठिकाणी डॉक्टर नव्हते, पुढे न्या म्हणाले. पुढे म्हणजे कल्याण, तिथून ठाणे. बाबा आता बरे आहेत. पण दुकान नऊ दिवस बंद राहिलं, कारण मी म्हणजेच दुकान. शहरात असतो तर दिवसा दवाखान्यात बसून संध्याकाळी शटर उघडता आलं असतं. इथून ठाण्याला जाऊन-येऊन दिवस जातो. तेव्हापासून मी दोन महिन्यांचं भाडं आणि पगार वेगळ्या खात्यात ठेवतो आणि त्याला हात लावत नाही. नऊ लाखांचं बजेट असेल तर नऊच्या नऊ लाख दुकानात घालू नका, एवढ्यासाठीच सांगतोय.

हद्दीचा एक मुद्दा

कर्ज काढणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. आपल्यासारख्या भागात नगरपरिषदेची हद्द संपते आणि लगेच ग्रामपंचायत सुरू होते. रस्ता एकच, इमारती सारख्याच, पण सरकारी कागदावर फरक पडतो. पीएमईजीपी योजनेत सर्वसाधारण गटाला शहरी भागात प्रकल्प खर्चाच्या 15 टक्के अनुदान आहे, ग्रामीण भागात 25. महिला, मागासवर्गीय वगैरे विशेष गटाला शहरी 25, ग्रामीण 35. पंचायत राजच्या हद्दीतला भाग ग्रामीण धरतात, पालिकेतला शहरी. म्हणजे कुणी पोळी-भाजीचं किचन, शिलाई युनिट, मसाल्याचं युनिट टाकणार असेल आणि ते वहिनींच्या नावावर वांगणीसारख्या ग्रामपंचायत हद्दीत असेल, तर बदलापुरातल्यापेक्षा दहा टक्के जास्त मिळू शकतात. योजना मुख्यतः उत्पादन आणि सेवेसाठी आहे, नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानाने तिच्यावर अवलंबून राहू नये. दुकानाला मुद्रा कर्ज बघा. शिशु 50 हजारांपर्यंत, किशोर पाच लाखांपर्यंत, तरुण दहा लाखांपर्यंत. मात्र अनुदानासाठी गिऱ्हाईक नसलेल्या जागी जाऊन बसू नका. असेही लोक बघितलेत.

आणि भाडेकराराबद्दल एकच. लीव्ह अँड लायसन्स लेखी करा आणि नोंदणी करा, महाराष्ट्रात कायद्याने ती लागतेच. लॉक-इन सहा महिन्यांच्या वर मान्य करू नका. नव्या कॉम्प्लेक्समध्ये निम्मे गाळे रिकामे पडलेत, तेव्हा अडलेला मालक आहे, तुम्ही नाही. मी हे 2016 मध्ये उलटं समजलो होतो.

त्या दादांना मी सोमवारी फोन केला. कॅफे टाकू नका, असं मी म्हटलं नाही, तो अधिकार मला नाही. फक्त म्हटलं, गुरुवारच्या आत तीन रात्री खिडक्या मोजा आणि एक संध्याकाळ वहिनींना रिक्षाच्या थांब्यावर उभं करा, वही देऊन.

काल रात्री अकराला त्यांचा मेसेज आला. वहीच्या पानाचा फोटो. 412 पैकी सोमवारी 131, मंगळवारी 138, बुधवारी 135. खाली वहिनींच्या अक्षरात, थांब्यावर संध्याकाळी सहा ते दहा: "उतरणाऱ्या बायका जास्त. हातात भाजी. चहाच्या टपरीवर पुरुषच, ते पण पाच मिनिटं. पोळी-भाजी केंद्रातल्या पोळ्या 8.20 ला संपल्या. त्यानंतर 27 जणांनी येऊन विचारलं आणि परत गेले."

एजंटला त्यांनी महिन्याची मुदत मागितली आहे. तो म्हणतोय दुसरी पार्टी तयार आहे, उद्या टोकन नाही तर गाळा गेला. वहिनींचं म्हणणं, जाऊ दे. दादांचं अजून ठरत नाहीये. आज सकाळी ते 6.40 च्या लोकलला होते, गाडीतूनच फोन केला होता, पण आवाज नीट येत नव्हता.